किल्डोननचं खोरं रिकामं कसं झालं

स्कॉटलंडच्या अगदी उत्तरेला सदरलँड नावाचा परगणा आहे. त्याच्या पूर्व किनाऱ्यावर हेल्म्सडेल नदी समुद्राला मिळते आणि तिच्या वरच्या खोऱ्यात किल्डोनन नावाचा जुना पॅरिश आहे. १८११ च्या जनगणनेत या पॅरिशमध्ये १,५७४ माणसं नोंदली गेली. वीस वर्षांनी, १८३१ मध्ये, उरली २५७. या काळात खोऱ्यात लढाई झाली नाही, साथीनं गावं ओस पडली नाहीत, नदीनं पात्रही बदललं नाही.

आज या खोऱ्यातून एक अरुंद रस्ता आणि एक रेल्वेमार्ग जातो. दोन्ही बाजूंना तपकिरी-जांभळ्या टेकड्या, मधे सामन माशांसाठी प्रसिद्ध असलेली नदी, आणि मैलोन् मैल एखाददुसरं घर. इथे येणारे बरेच प्रवासी या देखाव्याला ‘माणसाचा हात न लागलेला निसर्ग’ म्हणतात. ते खरं नाही. या खोऱ्यात माणसाचा हात चार-पाच हजार वर्षं सतत लागत होता. जे दिसतं ते निसर्गाचं मूळ रूप नसून सुमारे दोनशे वर्षांपूर्वी घेतलेल्या काही निर्णयांचा परिणाम आहे. ते निर्णय कोणी घेतले, का घेतले, आणि जमिनीवर त्यांच्या खुणा कशा ओळखायच्या, हे या लेखात सांगायचं आहे.

आधी ‘पॅरिश’ म्हणजे काय ते पाहू, कारण त्याशिवाय पुढचं नीट कळत नाही. मूळ अर्थ सरळ आहे: एका चर्चच्या आणि एका पाळकाच्या देखरेखीखालचा मुलूख. पण स्कॉटलंडमध्ये पॅरिश फक्त उपासनेपुरता नव्हता. पाळक आणि मंडळीतले निवडक ‘वडील’ यांची सभा गावाचं नैतिक न्यायालय चालवायची, गोरगरिबांना मदत वाटायची. १६९६ च्या कायद्यानं प्रत्येक पॅरिशमध्ये शाळा असावी आणि मास्तरांच्या पगाराचा भार जमीनमालकांनी उचलावा असं ठरलं. म्हणजे चर्च, शाळा, दानधर्म आणि जन्ममृत्यूची वही, सगळं एकाच हद्दीत. उत्तरेकडचे पॅरिश मात्र आकारानं प्रचंड होते. किल्डोननच्या वरच्या टोकाच्या माणसाला रविवारी चर्च गाठायचं तर कित्येक मैलांची पायपीट होती.

जमीन मात्र पाळकाची नव्हती आणि गावाचीही नव्हती. किल्डोननची जवळजवळ सगळी जमीन सदरलँडच्या सरदार घराण्याची. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला या मालमत्तेची वारस होती काउंटेस एलिझाबेथ. तिचा नवरा, मार्क्विस ऑफ स्टॅफर्ड, इंग्लंडमधल्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एक. १८३३ मध्ये तो पहिला ड्यूक ऑफ सदरलँड झाला.

मालक आणि कष्टकरी यांच्यामध्ये ‘टॅक्समन’ नावाचा एक थर होता. तो मालकाकडून मोठा तुकडा लेखी करारानं घ्यायचा आणि त्याचे भाग पाडून कुळांना द्यायचा. बहुतेक वेळा तो मालकाच्या घराण्याशी दूरच्या नात्यानं बांधलेला असे. त्याच्याखालच्या कुळांकडे कागद नव्हता. कूळ वर्षावर्षाच्या बोलीवर राहायचं, भले त्याचे पूर्वज त्याच शेतात दहा पिढ्या राबले असोत. मालक आपल्या वंशाचा, आपल्या टोळीचा प्रमुख, तो आपल्याला उठवणार नाही, या विश्वासावर हा सगळा व्यवहार चालत होता. पुढे जे घडलं त्याचं मूळ मला इथेच दिसतं. लोक ज्याला हक्क समजत होते तो कायद्याच्या लेखी हक्कच नव्हता.

१८०० च्या आसपासचं इथलं जगणं कसं होतं हे आपल्याला बऱ्यापैकी ठाऊक आहे. त्याचं श्रेय शेजारच्या केथनेस परगण्यातल्या सर जॉन सिंक्लेअर यांना जातं. त्यांनी स्कॉटलंडच्या नऊशेहून अधिक पॅरिशच्या पाळकांना दीडशेपेक्षा जास्त प्रश्नांची यादी पाठवली. लोकसंख्या किती, माती कशी, पिकं कुठली, लोक काय खातात, मजुरी किती, कुठला आजार जास्त. आलेली उत्तरं १७९१ ते १७९९ या काळात २१ खंडांत छापली गेली. किल्डोननचं उत्तर लिहिलं तिथले पाळक अलेक्झांडर सेज यांनी. गावोगावच्या शिकलेल्या माणसानं आपल्याच गावाबद्दल लिहिलेलं इतकं सलग दफ्तर त्या काळात युरोपात फार थोड्या ठिकाणी तयार झालं. पण हेच सिंक्लेअर चेव्हियट जातीच्या मेंढ्या उत्तरेत आणण्यात सर्वांत पुढे होते, आणि किल्डोननला लागूनच असलेल्या आपल्या जमिनीवर त्यांनी त्या आणल्याही. एकाच माणसानं त्या जगाची नोंदही करून ठेवली आणि ते जग संपवणाऱ्या जनावराला वाटही करून दिली.

खोऱ्यात छोट्या छोट्या वाड्या होत्या. प्रत्येक वाडीत काही कुटुंबं मिळून जमीन कसत. शेताच्या पट्ट्या वाटून घेतलेल्या असत, आणि चांगली-वाईट जमीन सगळ्यांच्या वाट्याला यावी म्हणून त्या ठरावीक काळानं पुन्हा वाटल्या जात. पिकं ओट आणि जवाची, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून बटाट्याची. पण खंड भरण्यासाठी लागणारा रोख पैसा शेतातून यायचा नाही, तो यायचा काळ्या गुरांतून. ही गुरं व्यापारी विकत घेत आणि हाकत हाकत दक्षिणेकडच्या मोठ्या बाजारांत नेत. उन्हाळ्यात बायका, मुलं आणि गुरं डोंगरातल्या उन्हाळी वाड्यांवर जात, तिथेच दूध काढून लोणी-चीज बनवत. त्यामुळे खालच्या गवताला वाढायला वेळ मिळे. घरं दगड आणि गवताळ मातीच्या ढेपांची, लांबट, एका टोकाला माणसं आणि दुसऱ्या टोकाला गुरं. चुलीत जळायचं पीट, म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचलेली काळी सेंद्रिय माती, कापून वाळवलेली.

हे जगणं सुखाचं होतं असं मी म्हणणार नाही. थंड, ओल्या उन्हाळ्यात पीक हाती लागत नसे, गुरं मरत, आणि मग मालकाला बाहेरून धान्य मागवावं लागे. लोकसंख्या वाढत होती, जमीन तेवढीच होती. क्लिअरन्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या उठवणुकीचं समर्थन करणारे तेव्हाही हाच मुद्दा मांडत आणि आजही काही इतिहासकार तो मांडतात. मुद्दा खोटा नाही. पण उपाय काय निवडला गेला आणि त्यात कोणाचं मत विचारलं गेलं, हा प्रश्न त्यानं सुटत नाही.

मेंढीसाठी माणसं का हटवावी लागली, हे समजून घेण्यासारखं आहे. चेव्हियट मेंढीची लोकर चांगली, मांसही भरपूर. नेपोलियनशी युद्ध चालू असताना दोन्हींना चढा भाव होता. उन्हाळ्यात ही मेंढी डोंगरावर मजेत चरते. पण उत्तरेचा हिवाळा तिला उघड्यावर झेपत नाही. तेव्हा तिला खाली खोऱ्यात, वाऱ्यापासून आडोसा असलेलं चांगलं गवत हवं. आणि खोऱ्यातली अशी प्रत्येक जागा कुळांच्या शेतांनी व्यापलेली होती. डोंगर मेंढ्यांना आणि खोरं माणसांना असा तोडगा म्हणून निघेना. दक्षिणेकडून आलेला एक भांडवलदार मेंढपाळ, त्याचे मेंढ्या राखणारे मोजके गडी आणि कुत्रे, एवढ्या माणसांवर ज्या जमिनीचा व्यवसाय चालायचा तिथे शेकडो माणसं राहत होती. आणि तो एकटा माणूस त्या सगळ्यांच्या मिळून खंडापेक्षा कितीतरी जास्त रक्कम द्यायला तयार होता.

मालकांच्या कारभाऱ्यांची योजना कागदावर नीटनेटकी होती. खोऱ्यातल्या लोकांना किनाऱ्यावर हलवायचं, प्रत्येक कुटुंबाला जमिनीचा छोटा तुकडा द्यायचा, आणि बाकीचं पोट त्यांनी हेरिंग मासेमारीवर भरायचं. हेल्म्सडेलला बंदर बांधायचं, मासे खारवायच्या वखारी उभ्या करायच्या. यावर मालकांनी खरोखर मोठा पैसा ओतला, आणि हेल्म्सडेल पुढे काही दशकं हेरिंगचं महत्त्वाचं बंदर झालंही. किनाऱ्यावरचा तुकडा मुद्दाम छोटा ठेवलेला होता. त्यावर कुटुंबाचं भागणार नाही आणि माणसाला होडीवर जावंच लागेल, असा त्यामागचा हिशेब होता. ज्यांनी जन्मभर गुरं राखली आणि ज्यांतल्या अनेकांनी कधी होडीत पाय ठेवला नव्हता, त्यांच्यासाठी हा हिशेब होता.

१८१३ च्या सुरुवातीला जमिनीची पाहणी करायला माणसं आली तेव्हा किल्डोननच्या लोकांनी त्यांना हुसकावून लावलं. याला ‘किल्डोननचा दंगा’ म्हणतात. पण लोकांनी केवळ अडवणूक केली नाही, त्यांनी अर्जही केला. आपल्यातल्याच एका जुन्या सैनिकाला त्यांनी लंडनला धाडलं. त्यांचं म्हणणं साधं होतं: आमची मुलं तुमच्या पलटणीत लढतात, तेव्हा आम्हाला आमच्या जमिनीवर राहू द्या, खंड वाढवून देतो. हा दावा हवेतला नव्हता. १७९९ मध्ये याच मुलखातल्या वाड्यावाड्यांतून तरुण उचलून ९३ वी सदरलँड हायलँडर्स ही पलटण उभी केली होती, आणि मुलगा पलटणीत गेला की घरची जमीन सुरक्षित, असा लोकांचा समज होता. हीच पलटण पुढे १८५७ च्या उठावात लखनौला सिकंदरबागेच्या लढाईत होती. तोवर ज्या खोऱ्यांनी तिला पहिली माणसं दिली ती रिकामी होऊन चाळीस वर्षं होत आली होती.

उत्तर म्हणून किल्डोननकडे सैन्य पाठवण्यात आलं. विरोध मोडला. त्याच वर्षी लॉर्ड सेलकर्क नावाच्या एका स्कॉटिश उमरावानं कॅनडातल्या रेड रिव्हरच्या काठी जमीन देऊ केली. शेकडो लोकांनी तयारी दाखवली, पण पहिल्या जहाजात सुमारे शंभरांनाच जागा होती. जून १८१३ मध्ये ते स्ट्रॉमनेस बंदरातून निघाले. जहाजावर टायफसची साथ पसरली आणि काही जण वाटेतच गेले. जहाजानं त्यांना यॉर्क फॅक्टरी या ठरलेल्या व्यापारी ठाण्याऐवजी कितीतरी उत्तरेला चर्चिल इथे हडसन उपसागराच्या काठावर उतरवलं. ओंडक्यांच्या झोपड्यांत हिवाळा काढून, एप्रिल १८१४ मध्ये त्यांतली धडधाकट माणसं बर्फावर चालायचे जोडे बांधून यॉर्क फॅक्टरीकडे निघाली. पुढे बॅगपाइप वाजवणारा एक जण होता. उन्हाळ्यात ती रेड रिव्हरला पोहोचली. १८१७ मध्ये सेलकर्कनं तिथल्या वस्तीला किल्डोनन हेच नाव दिलं. आज तो भाग विनिपेग शहरात आहे.

इथे एक गोष्ट विसरू नये. रेड रिव्हरचा काठ मोकळा पडलेला नव्हता. तो सोल्टो, क्री आणि मेटी या तिथल्या मूळच्या लोकांचा मुलूख होता. सोल्टोंचा प्रमुख पेग्विस यानं या थकल्याभागल्या लोकांना मदत केली, आणि १८१७ मध्ये सेलकर्कशी करारही केला. आपल्या जमिनीवरून उठवलेली माणसं दुसऱ्याच्या जमिनीवर वसवली गेली, आणि पुढच्या काळात त्या दुसऱ्यांनाही हळूहळू बाजूला सारलं गेलं.

किल्डोननमध्ये उठवणूक १८१३ ला थांबली नाही. सर्वांत मोठा फेरा १८१९ चा. तोवर जमीनदारीचा सगळा कारभार जेम्स लॉक या व्यवस्थापकाच्या हाती आला होता. पद्धत ठरलेली होती. मे महिन्यातल्या खंडाच्या मुदतीआधी कुळाला जागा सोडण्याची नोटीस, मुदत संपली की माणसं बाहेर, आणि घराचं छप्पर उतरवून किंवा जाळून टाकायचं. छपराला आग लावण्यामागे हेतू होता. या उघड्या मुलखात लाकूड दुर्मिळ, छपराच्या तुळया ही कुटुंबाची मोठी मालमत्ता. तुळया गेल्या की त्याच जागी परत येऊन राहणं अशक्य होई. शेजारच्या स्ट्राथनेव्हर खोऱ्यात १८१४ मध्ये झालेल्या अशाच कारवाईवरून पॅट्रिक सेलर या कारभाऱ्यावर १८१६ मध्ये इन्व्हरनेसला खटला चालला. तो निर्दोष सुटला.

पाळक सेज यांचा मुलगा डॉनल्ड याच किल्डोननच्या पाळकनिवासात १७८९ मध्ये जन्मला, स्वतःही पाळक झाला, आणि स्ट्राथनेव्हरमध्ये सेवेत असताना आपली सगळी मंडळी उठवली जाताना त्यानं पाहिली. त्याच्या आठवणी त्याच्या मृत्यूनंतर छापल्या गेल्या आणि त्या काळाच्या आतल्या साक्षीचा त्या मोठा आधार आहेत. स्कॉटलंडच्या पाळकाला नेमण्याचा अधिकार बहुधा जमीनमालकाकडे असे, त्यामुळे अनेक पाळक या सगळ्यात गप्प राहिले किंवा ही देवाची शिक्षा आहे असं सांगत राहिले. लोक हे विसरले नाहीत. १८४३ मध्ये याच नेमणुकीच्या वादावरून चर्च ऑफ स्कॉटलंड दुभंगलं आणि चारशेहून अधिक पाळकांनी बाहेर पडून फ्री चर्च स्थापन केलं, तेव्हा उत्तरेतली बहुतांश जनता त्यांच्यामागे गेली. डॉनल्ड सेज त्यांत होते. त्या फुटीचा धक्का मुंबईपर्यंत पोहोचला. विल्सन कॉलेज ज्यांच्या नावानं ओळखलं जातं ते डॉ. जॉन विल्सन आपल्या सहकाऱ्यांसह जुनं चर्च सोडून फ्री चर्चमध्ये गेले.

आता खुणांकडे वळू. खोऱ्यात सर्वांत सोपी खूण आहे रंग. तपकिरी टेकडीच्या उतारावर मधेच हिरव्यागार गवताचा ठिपका दिसला तर तिथे वाडी होती असं बहुधा समजावं. शेकडो वर्षं शेणखत आणि चुलीची राख पडून ती माती इतकी कसदार झाली की दोन शतकांनंतरही तिथलं गवत वेगळं दिसतं. जवळ जाऊन पाहिलं तर गुडघाभर उंचीचे लांबट पाये दिसतात. एखाद्या टोकाला गोल खड्डा दिसला तर ती धान्य वाळवायची भट्टी, कारण ओल्या हवेत ओट आधी वाळवल्याशिवाय दळता येत नाही. उतरत्या उन्हात जमिनीवर समांतर वरंबे उठून दिसतात, ती शेतं. आणि या सगळ्याच्या मधोमध नीट बांधलेले, भिंती शाबूत असलेले मोठे दगडी कोंडवाडे दिसले तर ते नंतरचे, मेंढ्यांचे. दगड कुठून आणले असतील, हे शेजारच्या पडक्या पायांकडे पाहिलं की कळतं.

त्याहून जुन्या खुणाही आहेत. किल्फेडरजवळ ब्रॉक म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा, चुन्याशिवाय रचलेला गोल दगडी बुरूज, आणि आसपास त्याहूनही पुरातन गोल झोपड्यांचे पाये. लेअरेबल टेकडीवर उभ्या दगडांच्या रांगा आहेत. त्या कशासाठी रचल्या हे कोणी सांगू शकत नाही, पण तिथल्या एका उभ्या दगडावर नंतर कोणीतरी क्रूस कोरला. पॅरिशला ज्याचं नाव आहे तो डोनन हा आयर्लंडशी नातं असलेल्या ख्रिस्ती परंपरेतला साधू, ६१७ मध्ये एग बेटावर मारला गेला. नदीच्या नावातलं ‘डेल’ नॉर्स दर्यावर्दींचं. पाषाणयुगातले शेतकरी, ख्रिस्ती साधू, नॉर्स, गेलिक बोलणारे पशुपालक, असे एकावर एक थर या खोऱ्यात साचले. एवढ्या लांब वस्तीला खंड पडला तो काही वर्षांत.

मेंढ्यांचा सुकाळही टिकला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ऑस्ट्रेलियाची लोकर आली, भाव उतरले आणि डोंगर हळूहळू श्रीमंतांच्या हरणांच्या शिकारीसाठी राखले गेले. मधेच एक वर्ष खोरं पुन्हा गजबजलं. १८६८ च्या अखेरीला ऑस्ट्रेलियाहून परतलेल्या रॉबर्ट गिलख्रिस्ट या इथल्याच माणसाला किल्डोनन ओढ्याच्या वाळूत सोनं सापडलं. १८६९ मध्ये शेकडो लोक तंबू आणि फळ्यांच्या खोपट्यांत राहून वाळू चाळू लागले. ड्यूकनं महिन्याला एक पौंड परवाना लावला. मेंढपाळ आणि शिकारीचे भाडेकरू कुरकुरले, सोनंही बेताचं निघालं, आणि वर्षअखेरीस परवाने बंद झाले. काही वर्षांत खोऱ्यातून रेल्वे आली. तो मार्ग अजून चालू आहे.

खोऱ्याच्या वरच्या बाजूला फ्लो कंट्री नावाचा पीटच्या दलदलीचा अफाट पट्टा सुरू होतो, सुमारे ४,००० चौरस किलोमीटरचा. १९८० च्या दशकात करसवलतींच्या मोहानं बाहेरच्या गुंतवणूकदारांनी त्यात चर खणून परदेशी सूचिपर्णी झाडं लावली आणि दलदल कोरडी पडू लागली. १९८८ मध्ये सवलत बंद झाली. तेव्हापासून झाडं तोडून, चर बुजवून पाणी पुन्हा साठवण्याचं काम चालू आहे, कारण या पीटमध्ये कोंडलेला कार्बन हवेत सुटू नये हे आता सगळ्यांना पटलंय. जुलै २०२४ मध्ये युनेस्कोनं फ्लो कंट्रीला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. दलदल वाचवायलाच हवी, पण ती वाचवताना ‘इथे कधी कोणी नव्हतंच’ असं म्हणू नये.

कुळांना अखेर कायदा मिळाला तो १८८६ मध्ये. उठवणूक झालेल्यांच्या नातवंडांनी किनाऱ्यावर सभा घेतल्या, चळवळ उभारली, सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला, आणि क्रॉफ्टर्स कायद्यानं छोट्या शेतकऱ्याच्या ताब्याला संरक्षण दिलं. त्यासाठी सदरलँडमध्ये पहिल्यांदा संघटित झालेल्या वस्त्यांपैकी गार्टीमोर एक होती, हेल्म्सडेलच्या अगदी शेजारची, खोऱ्यातून उठवलेल्या माणसांनी वसवलेली. तिच्यासह पोर्टगोअर, मॅरेल आणि वेस्ट हेल्म्सडेल या वस्त्यांची सुमारे ३,००० एकर जमीन २०१६ मध्ये स्थानिक रहिवाशांच्या संस्थेनं सदरलँडच्या जमीनदारीकडून विकत घेतली.